फोटोत हाड दिसते, गादी दिसत नाही

गुडघ्याला जबर मार बसला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "फोटो काढला का?" फोटो म्हणजे एक्स-रे. हाड मोडलेले दिसले तर प्लास्टर, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा फोटो. "हाड जुळलं," असे डॉक्टर म्हणाले की गावाच्या लेखी माणूस बरा झाला. त्यानंतरही तो लंगडला, तर लोक म्हणतात कामाचा कंटाळा आलाय.

आमच्या शिवारातल्या एका तरुण शेतकऱ्याचे असेच झाले. मोटारसायकल घसरली आणि नडगीच्या हाडाचा गुडघ्याला लागून असलेला वरचा भाग फुटला. हाड जुळले. पण उकिडवे बसता येईना, सरीतून चालताना गुडघा मध्येच दगा देई. खुरपणी सुटली, धार काढणे सुटले, गडी लावावा लागला. वर्षभराने एमआरआय काढला तेव्हा कळले, की गुडघ्यातली गादी फाटलेली आहे आणि दोन हाडांना धरून ठेवणारी आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटलेली आहे. पहिल्या फोटोत हे नव्हते, आणि असणारही नव्हते.

एक्स-रेचे किरण हाडातल्या कॅल्शियममुळे अडतात, म्हणून हाड पांढरे उमटते. गादी आणि लिगामेंट यांच्यातून ते जवळजवळ आरपार जातात. सीटी स्कॅनही याच किरणांवर चालतो. हाडाचे तुकडे किती झाले, सांध्याची पाटी किती खचली, हे त्यात उत्तम समजते आणि ऑपरेशनची आखणी करायला तो लागतोच. मऊ भागांसाठी मात्र एमआरआय. त्यात चुंबक आणि रेडिओलहरी असतात, एक्स-रेचे किरण नसतात.

साधा फोटोही अगदीच मुका नसतो, तो वाचणारा हवा. रुग्णाला उताणे झोपवून बाजूने फोटो घेतला आणि गुडघ्यातल्या रक्तावर चरबीचा थर तरंगताना दिसला, दुधावर साय यावी तसा, तर हाडाला कुठेतरी तडा गेलेला आहे असे समजतात. नडगीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने हरभऱ्याच्या टरफलासारखी बारीक कपची निघालेली असेल तर आतले लिगामेंट बहुधा तुटलेले असते. फ्रेंच सर्जन पॉल सेगाँ यांनी 1879 मध्ये वर्णन केलेली ही खूण आहे. कपची केवढीशी, म्हणून ती सहज नजरेआड होते.

म्हणून प्रत्येक मुरगळलेल्या गुडघ्याचा एमआरआय काढा, असे मी म्हणत नाही. गुडघ्याला हात लावण्याआधीच एमआरआयची चिठ्ठी हातात देणेही मला पटत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या गादीत मार न लागताही झीज दिसते, तेव्हा नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नये. पण सांध्यापर्यंत गेलेले फ्रॅक्चर असेल, तर गादी किंवा लिगामेंटला इजा होणे ही नेहमीची गोष्ट आहे. सूज आणि वेदना यांमुळे पहिल्या दिवशी गुडघा नीट तपासता येत नाही, हेही खरे. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारावे, "साहेब, हाडाचं कळलं, आतल्या गादीचं आणि लिगामेंटचं काय?" आणि हे ऑपरेशनच्या आधी विचारावे. एकदा स्टीलची प्लेट व स्क्रू बसले की एमआरआयमध्ये त्या धातूच्या आसपासचे चित्र बिघडते, आणि नेमका पाहायचा भाग तोच असतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तपासणीसाठी थांबत नाही. पाऊल गार किंवा पांढरे पडले, बोटे बधिर झाली, पोटरी दगडासारखी कडक होऊन दुखणे सोसवेना, तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी दबलेली किंवा फाटलेली असू शकते, नाहीतर पोटरीत आतल्या आत दाब वाढलेला असतो. सहा तासांच्या आत इलाज झाला नाही तर पाय गमवायची पाळी येते. हाडवैद्याकडे चोळून घेण्यात यातले दोन-तीन तास गेले, असे घडते. सुजलेला गुडघा चोळू नये. फळीचा आधार देऊन पाय न हलवता न्यावा.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुळात दाखल करून केलेल्या उपचारांसाठी आहे. बाहेरच्या बाहेर तपासणी करून आणली तर ते पैसे आपल्याच खिशातून जातात. म्हणून आधी योजनेतल्या रुग्णालयात जावे, तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे, मग तपासणी. सगळे फोटो, अगदी पहिल्या दिवसाचासुद्धा, जपून ठेवावेत. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचा पहिला फोटो घरात पत्र्याखाली भिजून गेला होता.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींकडे एक मागणे आहे. ग्रामीण रुग्णालयातून जखमी पुढे पाठवताना चिठ्ठीवर बहुतेक वेळा "गुडघ्याचे फ्रॅक्चर" एवढेच लिहिलेले असते. पावलाची नाडी लागते का, बोटे हलतात का, गुडघा किती सुजला, आणि तो ढिला वाटतो की दुखण्यामुळे तपासता आला नाही, या चार ओळी त्यावर लिहायला पैसा लागत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.