बार पुढचा कीं मागचा?

गेल्या महिन्यांत स्वारगेटच्या जेधे चौकांत, दिवा हिरवा होऊन आम्हीं ॲक्सिलरेटर दाबतांच, आमच्या जुन्या फियाटनें असा कांहीं बार काढला, कीं शेजारचा रिक्षावाला दचकला आणि मागें बसलेल्या मातोश्रींनीं तेथेंच उतरण्याचा हट्ट धरला. गाडी तीर्थरूपांनीं १९७८ सालीं घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून २००१ पर्यंत हीच गाडी नांवें बदलून बाहेर पडत होती. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं निवृत्त झाली. त्या तारखेचा दाखला देऊन धाकटे बंधू म्हणाले, "दादा, आतां ही भंगारांत द्या." घरांत दोन तट पडले व निकाल कारागिरावर सोंपविला गेला.

पहिल्या कारागिरानें कांहीं एक न विचारतां कार्बोरेटर खोलला, जेट बदलला, पैसे घेतले. दुसऱ्याच दिवशीं कात्रजच्या चढावर पूर्ववत् बार! शिवाय एअर फिल्टर बसविण्याचें राहूनच गेलें होतें. कार्बोरेटरांतून उलट फिरणारी ज्वाला हा फिल्टरच अडवून धरतो. तो नसतां बॉनेटखालीं आग लागावयास कितीसा वेळ?

स्वारगेटजवळच एका गल्लींत दुसरे वृद्ध कारागीर भेटले. त्यांचा पहिला प्रश्न, "आवाज पुढून येतो कीं मागून?" आम्ही निरुत्तर! इतकीं वर्षें गाडी चालवून हें आम्हीं कधीं ऐकलेंच नव्हतें. सायलेन्सरमधून बार निघाला, तर न जळलेलें पेट्रोल तापलेल्या नळींत जाऊन पेटत आहे असें समजावें. ठिणगी चुकते किंवा उशिरां पडते. आणि घाट उतरतांना पाय काढल्यावरच आवाज होत असेल, तर नळीच्या सांध्यांतून बाहेरची हवा आंत शिरते. कार्बोरेटरांतून निघाला, तर बहुधा मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी. असें मिश्रण सावकाश जळतें. आंत घेणारा वॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत ज्वाला विझलेली नसते, आणि ती येणाऱ्या नव्या मिश्रणासच पेटविते. प्लगच्या तारांची अदलाबदल होऊन ठिणग्यांचा १-३-४-२ हा क्रम बिघडला तरीहि बार निघतो. तें त्यांनीं आधीं पाहून घेतलें.

आमचा बार पुढचा होता. त्यांनीं रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें कार्बोरेटरच्या बुडाभोंवतीं फिरविलें. एका कोपऱ्यांत सूं सूं ऐकूं आलें. गॅसकेट फाटली होती व हवा तेथून चोरून आंत येत होती.

त्यांत नव्या पेट्रोलाची भर. हल्लीं त्यांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलास जळावयास हवा कमी लागते. अर्थात् जुन्या जेटनें मापून दिलेलें हें पेट्रोल तितक्याच हवेस अपुरें पडतें. तेव्हां पहिल्या कारागिराचा मोठा जेट अगदींच वायां गेला असें नाहीं. त्यानें शेवटचें काम आधीं केलें, इतकेंच.

गॅसकेट नवी बसली, फिल्टर जागेवर आला. बंधूंनीं भंगाराचा विषय दिवाळीपर्यंत तहकूब ठेवला आहे. मातोश्री मात्र जेधे चौक जवळ आला, कीं अजूनहि कानांत बोटें घालतात.