बोट कापलं? हळदीआधी नळ!

सकाळची लोकल गाठायची घाई, आणि टोमॅटोऐवजी सुरी बोटावर. किंवा बाइक स्लिप होऊन सोललेलं कोपर. फर्स्ट-एड बॉक्स? छे! भाड्याच्या वन बीएचकेमध्ये असतो तो फक्त मसाल्याचा डबा. मग आईला फोन जातो आणि पलीकडून ऑर्डर येते, ‘हळद दाब!’

आईचं अगदीच चुकत नाही. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. हळदीने जखम भरते, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत चक्क पेटंट दिलं गेलं होतं! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कॉलर ताठ करावी अशीच गोष्ट. पण पेटंट रद्द झालं ते ‘यात नवीन काय?’ म्हणून. तुमच्या डब्यातली पावडर निर्जंतुक आहे, असं सर्टिफिकेट काही मिळालं नाही. त्यात रोज फोडणीचा ओला चमचा बुडतो, आणि रंग खुलवायला सुट्या हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळल्याची प्रकरणंही सापडली आहेत. रक्त थांबतं ते बहुतेक वेळा दाबल्यामुळे, क्रेडिट मात्र हळदीला!

तेव्हा आधी स्वच्छ रुमालाने दहा मिनिटं घट्ट दाबा. मधेमधे उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. मग नळाच्या धारेखाली जखम धुवा, आजूबाजूला साबण. रस्त्यावरची खडी, माती पूर्ण निघायला हवी. स्पिरिट ओतून ‘स्स्स’ करणं फिल्मी आहे, पण त्याने नव्याने भरणारी त्वचाही दुखावते.

मध? हॉस्पिटलात जखमांवर वापरतात, पण तो खास निर्जंतुक केलेला. टोस्टवरचा नव्हे. टूथपेस्ट आणि कॉफी पावडर, प्लीज, नको. दाढी करताना कापलं तर तुरटी झकास. रक्त पटकन थांबतं. फक्त खडा तुमचा स्वतःचा हवा, रूममेटचा नाही.

‘उघडी ठेव, हवा लागू दे’ हा सल्लाही आता जुना झाला. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर चिकटपट्टी, रोज बदलायची. बस्स.

जखम खोल असेल, कडा मिटत नसतील, दुसऱ्या दिवशी लाली पसरली किंवा पू दिसला, तर मीटिंग सोडून डॉक्टर गाठा. आणि धनुर्वात फक्त गंजलेल्या खिळ्याने होतो असं समजू नका. त्याचे जंतू मातीत असतात, म्हणजे रस्त्यावर सोललेल्या कोपरातही शिरू शकतात. लहानपणीचे डोस पूर्ण असले तरी मळकट जखमेला पाच वर्षांनंतर आणि स्वच्छ जखमेला दहा वर्षांनंतर बूस्टर लागतो. शेवटचं इंजेक्शन दहावीत घेतलं होतं? मग आज ऑफिसला जाताना दवाखान्यात डोकावून जा.