पॅकेज कळलं, तास किती?

प्लेसमेंटला आपला पहिला प्रश्न ठरलेला : पॅकेज किती? रोज किती तास बसवणार, हे विचारताना मात्र जीभ अडखळते. 2024च्या जुलैमध्ये पुण्यात ईवायमधली 26 वर्षांची सीए गेली. रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ताणानं लेक गेली, असं आईनं पत्रात लिहिलं. कंपनीनं ते मानलं नाही. मग तपासणीत कळलं, त्या ऑफिसची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नव्हती. नऊ तासांची मर्यादा बघणार कोण? त्यात 2025मध्ये मंत्रिमंडळानं नवाचे दहा करायला मंजुरी दिली (कारखान्यांना तर बारा!). तेव्हा वाळूज असो की चिकलठाणा, तास, ओव्हरटाइम, सुट्टी ऑफर लेटरवर लिहूनच मागा. एचआर हसेल. हसू द्या.