पोहोचवलं, पण कुणाच्या हवाली?

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या गावांतून, तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल बहुतेकदा आधीच खर्ची पडलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीचा एक ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडालाच परततो. तान्ही मुलं सोबत जातात. शाळेतली आजीजवळ राहतात, आजी नसेल तर चुलत्याकडे.

या दिवसांत एखादा पोरगा जालना स्टेशनवरून गाडीत बसून मनमाडला किंवा कल्याणला उतरला, तर पुढचे काम आपल्याला, बाल संरक्षणात काम करणाऱ्यांना, तोंडपाठ आहे. रेल्वे सुरक्षा दल, १०९८ ही हेल्पलाइन, वैद्यकीय तपासणी आणि २४ तासांच्या आत बाल कल्याण समिती. ही हेल्पलाइन ‘चाइल्डलाइन’ म्हणून १९९६ साली मुंबईत सुरू झाली, तेव्हापासून कार्यकर्त्यांच्या एका पिढीने हा पहिला दिवस घडवला आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

आदेश निघतो, ‘पालकांच्या ताब्यात द्यावे’. फोन केल्यावर चुलता येतो, आधार कार्ड दाखवतो, सही करतो. फाइल बंद होते. ज्या घरातून मूल निघाले त्या घराला कुलूप आहे आणि आई-बाप फडावरच्या कोपीत आहेत, हे त्या फाइलमध्ये कुठेच नसते. मग तेच मूल पुन्हा फलाटावर दिसले की आपण त्याला ‘सवयीचा’ म्हणतो. हा शब्द आपण सोडला पाहिजे. मुलाला पळण्याची सवय लागत नाही. राहायला माणूस उरत नाही म्हणून ते निघते.

२०१५च्या बाल न्याय कायद्याने सामाजिक तपासणी अहवालासाठी १५ दिवस दिले आहेत. ते गावात जाण्यासाठी वापरा. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी : गरीब’ एवढे लिहून अहवाल होत नाही. घरात आज रात्री कोण झोपणार आहे, आई-बाप कोणत्या कारखान्यावर आहेत, मुकादमाचा नंबर काय, ते कधी परतणार, चुलतीला हे मूल हवे आहे का, हे लिहा. मुलाला एकट्याने विचारा, नातेवाईक समोर असताना नको. घर बंद असेल तर अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापकांना गाठून हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृहांच्या पहिल्या टप्प्यात अंबड आणि घनसावंगी हे तालुके होते. तिथे जागा मागणे हा पुनर्वसनाचाच भाग आहे. बाल संगोपन योजनेचा अर्जही त्याच भेटीत भरून घ्या. कागदांसाठी त्या आजीला पुन्हा जालन्याला बोलावले, तर तिची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही जातात.

मुलींच्या बाबतीत अधिकच जपायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत जालना जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. लग्नाला धास्तावून निघालेली सोळा वर्षांची मुलगी पोलिसांत ‘अपहरण’ म्हणून नोंदली जाते, कारण अल्पवयीन मूल हरवले की गुन्हा नोंदवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. तो आदेश योग्यच आहे. पण ती सापडल्यावर, ठरलेल्या लग्नाची चौकशी न करता तिला त्याच मांडवाकडे पाठवणे हा आपला गुन्हा ठरेल. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. ताबा देण्याआधी त्यांना लेखी कळवा.

घरी न परतता बालगृहातच राहिलेल्यांनाही विसरू नका. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहाबाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती मुलाला सतराव्या वर्षीच सांगा.

समितीच्या सदस्यांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती : यंदाच्या हंगामात घरी पाठवलेल्या प्रत्येक मुलाची महिन्याभरात प्रत्यक्ष भेट घ्या, आणि मूल तिथे नसेल तर तसे स्पष्ट नोंदवून फाइल पुन्हा उघडा.