संगणक भंगारात का घालायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हवे; अनेक जुन्या यंत्रांत ते नाही. मग नांदेड-लातूरच्या वस्त्यांतील अभ्यासिकांनी वर्गणीतून घेतलेले संगणक भंगारात घालायचे काय?

आम्ही म्हणतो, त्यांवर लिनक्स टाका. केवळ फुकट म्हणून नव्हे. ते कुणालाही उघडून शिकता, बदलता, वाटता येते म्हणून.

'नोकरीला विंडोजच लागते' ही सबब पुरे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. परीक्षेच्या सरावापुरते एखादे यंत्र विंडोजवर ठेवा.

ज्ञानावरची मक्तेदारी आपल्या पूर्वजांनी सोसली. ती पैसे मोजून पुन्हा अभ्यासिकेत का आणायची?

जयभीम!