वॉर्डाला लागून एक खोली द्या

मा. कुलगुरू, माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स,
मा. अधिष्ठाता, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय,
ग्वाल्हेर यांस,



मी गोरखीच्या मागच्या गल्लीत राहतो. रुग्णालयांतली यंत्रे दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या जोरावर आपणा दोघांकडे एक मागणी करतो आहे. जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात, शक्यतो वॉर्डाला लागूनच, एक खोली काढून द्या. माधव संस्थेचे इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि केमिकलचे विद्यार्थी आणि गजराराजाचे निवासी डॉक्टर तिथे रोज एकत्र बसू देत. सामंजस्य करार, उद्घाटने, परिसंवाद हे सगळे नंतर होईल. आधी खोली हवी.

कशासाठी, ते ईसीजीवरून सांगतो. हृदयाचा विद्युत संकेत छातीच्या कातडीपर्यंत पोचतो तेव्हा तो जेमतेम १ मिलिव्होल्ट उरतो. आणि रुग्णाच्या खाटेभोवती, भिंतीत, पंख्यात, दिव्यात २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज खेळत असते. माणसाचे शरीर तिचे क्षेत्र अँटेनासारखे पकडते. तरीही ईसीजी निघतो, कारण यंत्रातला प्रवर्धक दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा घेतो आणि दोन्हीकडे सारखे असेल ते टाकून देतो. पण हे जमायला दोन्ही इलेक्ट्रोड कातडीला सारखेच चांगले चिकटलेले हवेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि कोरडी लू सुटते. इलेक्ट्रोडची पुडी सकाळी फोडून ट्रेमध्ये ठेवली की चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या टिकलीवरची जेल सुकू लागते. एका टिकलीवर कमी, दुसरीवर जास्त. रोध असमान झाला की जे टाकून द्यायचे तेच आत शिरते, आणि कागदावरची बारीक रेघ जाड, दातेरी होऊन उमटते.

मग काय होते, ते मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तंत्रज्ञ म्हणतो यंत्र बिघडले, पुरवठादार म्हणतो तुमचे अर्थिंग खराब, आणि कुणीतरी फिल्टरचे बटण दाबून मोकळा होतो. फिल्टर लावला की रेघ देखणी दिसते, पण खऱ्या लहरीचे टोकही त्यात बोथट होऊ शकते, आणि छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत त्या टोकांवरच सारे अवलंबून असते. हा दोष इलेक्ट्रॉनिक्सचा, जेलच्या रसायनाचा की पुडी उघडी ठेवणाऱ्या हातांचा? तिघांचाही आहे, म्हणूनच तिघांपैकी एकट्याला तो सापडत नाही. लूमध्ये दिवसभर ओली राहणारी जेल बनवणे हा केमिकलच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असा विषय आहे. पण वॉर्डात पाऊल टाकल्याशिवाय तो त्याला सुचणार कसा?

वैद्यक आणि तंत्रज्ञान ग्वाल्हेरला परके नाही. जयारोग्य १८९९चे. गजराराजा महाविद्यालय १९४६चे. माधव संस्था १९५७ची. झाशी रोडवरची संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, डीआरडीई, मूळची १९४७ची जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी, आणि डेंग्यू, चिकुनगुनियासारख्या रोगांचे निदान करणारे संच तिने याच गावात तयार केले. एवढा ऐवज एका शहरात असताना कुठलेही यंत्र बिघडले की आपण दिल्लीच्या इंजिनिअरची वाट बघत बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईत हे कसे जमले ते बघा. आयआयटी मुंबईत २०१४ साली प्रा. बी. रवी यांनी बेटिक हे केंद्र सुरू केले, महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला बळ दिले, पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. तिथली रीत साधी आहे: डॉक्टरने अडचण सांगायची, अभियंत्याने ती डोळ्यांनी पाहायची, आणि नमुना घेऊन पुन्हा डॉक्टरकडे जायचे. तिथून निघालेला आयुसिंक हा डिजिटल स्टेथोस्कोप कोविडच्या काळात कामी आला, कारण पीपीई किट घातलेल्या डॉक्टरला कानात नळ्या घालता येत नव्हत्या. पुण्याच्या जीवट्रॉनिक्सने तर हाताने दांडा फिरवून चार्ज होणारा डिफिब्रिलेटर केला. भिंड, मुरैना, श्योपूरच्या आरोग्य केंद्रांत वीज कशी येते-जाते हे ठाऊक असलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आयआयटीच्या त्याच पवईच्या आवारात समीर ही संस्था आहे, १९८४पासूनची, मायक्रोवेव्हवर काम करणारी. रडारसाठी लागणारे मॅग्नेट्रॉनचे तंत्र तिने कर्करोगाच्या उपचाराकडे वळवले. मायक्रोवेव्हच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवायचे, ते टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळवायचे आणि निघणारे क्ष-किरण गाठीवर नेमके सोडायचे. तिचे सिद्धार्थ हे यंत्र सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसले, वर्ध्याच्या शेतकऱ्यांसाठी. आता समीरने १.५ टेस्लाचा देशी एमआरआय उभा केला आहे आणि त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ साली दिल्लीच्या एम्सशी करार झाला. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. निओबियम-टायटॅनियमची तार द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवल्यावर ते साधते. शरीरातला हायड्रोजन त्या क्षेत्रात ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रतिसाद देतो, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडे खाली. एवढे मोठे चुंबक माधव संस्थेच्या गोला का मंदिरच्या प्रयोगशाळेत बनवा असे मी म्हणत नाही. पण त्या ६४ मेगाहर्ट्झवर ऐकणारी कॉइल, गुडघ्याची, मनगटाची, तिसऱ्या वर्षाच्या हुशार मुलीला गुंडाळता येते, ट्यून करता येते. आणि या कॉइली महाग असतात, तुटतातही.

घाई मात्र नको. केरळच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या हाताखाली हृदयाची कृत्रिम झडप बनत होती, तेव्हा पहिली प्रारूपे एकामागून एक फसली. कुठे जोड टिकला नाही, कुठे चकतीने दगा दिला. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती अशी जोडी जमली आणि डिसेंबर १९९०मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसली. त्या फसलेल्या वर्षांचा पगार कुणीतरी देत राहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विद्यार्थ्याचा प्रकल्प सहा महिन्यांत परीक्षेसाठी बंद झाला तर अशी गोष्ट जन्मालाच येत नाही. म्हणून खोलीला किमान पाच वर्षांची हमी द्या.

आणि बाहेरून आणलेली यंत्रे आपल्या माणसांवर तपासायला हवीत. पल्स ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून सोडून ऑक्सिजन मोजतो. सावळ्या-काळ्या कातडीवर तो आकडा जास्त दाखवू शकतो, हे २०२०च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ठळकपणे पुढे आले: तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या मानाने जवळपास तिप्पट वेळा नजरेतून सुटत होती. चंबळच्या उन्हात राबलेल्या बोटांवर आपली यंत्रे काय दाखवतात, हे नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन आपणच मोजले पाहिजे.

पहिल्या वर्षी त्या खोलीत नवे काहीच बनू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांनी आधी तपासणी शिकावी. हृदयाला थेट लागणाऱ्या भागातून गळणारा प्रवाह एरवी १० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. तो मोजायला शिकावे. इन्फ्युजन पंप खरोखर सांगितलेल्या वेगाने औषध सोडतो का ते पाहावे. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम वाचावेत, म्हणजे पुढे बनवलेले काही केवळ स्पर्धेतल्या बक्षिसापुरते उरणार नाही. परिचारिकांनाही त्या टेबलावर जागा असावी. यंत्राला रोज हात त्यांचाच लागतो.

वर्षातून एकदा हे काम गोरखीत लोकांसमोर मांडावे. अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले ती इथेच आहे, डिजिटल संग्रहालयही इथेच आहे, आणि शेजारच्या महाराज बाड्यावर सारे गाव येते. ज्यांच्या अंगाला ही यंत्रे लागणार त्यांना ती आधी हातात घेऊन बघता यावीत.

माझ्याकडे एक चालू ऑसिलोस्कोप, गळती-प्रवाह मोजायचा मीटर आणि जुन्या यंत्रांच्या सर्किट-नकाशांच्या फायली आहेत. खोली मिळाली की हे सगळे मी तिथे आणून देईन, आणि शिकवायला कुणी बोलावले तर येईन. आपले उत्तर याच पत्त्यावर पाठवावे, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त उपकरण-तंत्रज्ञ
गोरखी, ग्वाल्हेर