पंपाच्या खोलीतली समुपदेशक

मा. अध्यक्ष महोदय,

संस्थेचं नाव लिहीत नाही. मालेगाव जहांगीरमध्ये ते कुणाला विचारावं लागणार नाही.

नेमणुकीसाठीचे माझे पाच अर्ज आपल्या कार्यालयात पडून आहेत. पाचही पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. मागच्या खेपेला आपले बाबू म्हणाले, "अर्ज नाशिकच्या मालेगावले तर नाही गेला जी?" हातोहात दिलेला अर्ज, साहेब!

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ला बजावलं, की जिथे शंभर किंवा अधिक विद्यार्थी, तिथे बालक-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आपल्या पटावर १,१४० विद्यार्थी. आपली तत्परता वाखाणण्यासारखी: आठवड्यात पाटी रंगवून झाली. पाटीवर नाव माझं. नेमणूकपत्र अजून यायचंय.

गेल्या वर्षी मला ९ वेळा बोलावलंत. ४ वेळा तपासणी होती, ३ वेळा फोटो हवा होता. उरलेल्या २ दिवसांत ६१ मुलं, सरासरी सात मिनिटं एकेकाला. मानधन: शाल १, नारळ १. वाशिमहून एसटीचं भाडं माझ्या पदरचं. "तुम्हाला सेवेची आवड आहे ना?" असं आपण विचारलंत. दोन वर्षं एम.ए., एक वर्ष पदविका, मग वरिष्ठांच्या हाताखाली उमेदवारी. बोअरची मोटर दुरुस्त करणाऱ्याला आपण आवड विचारत नाही, बिल विचारता.

२०२१च्या कायद्याने समुपदेशकाला आरोग्य व्यावसायिकांत बसवलं. आपण क्रीडासाहित्याच्या खोलीत बसवलं. तिला आतून कडी नाही. दहावीतली एक मुलगी बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली होती. नुकती बोलू लागली, तोच शिपाईभाऊ आत. "मॅडम, पंप नेतो जी." व्हॉलीबॉलमध्ये हवा भरायची होती. मुलीने डोळे पुसले, "काही नाही मॅडम" म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. आपल्या अहवालातल्या 'लाभार्थी ६१'मध्ये मात्र ती आहे.

आता सहावा अर्ज करत नाही. येत्या पंधरवड्यात लेखी नेमणूक आणि महिन्याचा पगार ठरवा, नाहीतर पाटीवरून आणि तपासणीच्या फायलीतून माझं नाव काढा. कडी मात्र कसंही असो, बसवाच. आणि पंप दुसरीकडे ठेवा.

आपली,
पाटीवरची समुपदेशक